कोविड-१९ शाळाबंदी आणि भारतातील अध्ययन ऱ्हास

कोविड-१९ महामारीच्या काळात मार्च २०२० पासून भारतातील शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. या काळात मुलांच्या वाचन, लेखन व गणितातील क्षमतांमध्ये जी घट झाली, तिला 'अध्ययन ऱ्हास' असे म्हणतात. इंग्रजीतील 'लर्निंग लॉस' ही संज्ञाही मराठी वृत्तपत्रांत रूढ झाली आहे. युनिसेफच्या माहितीनुसार या शाळाबंदीचा परिणाम देशातील सुमारे १५ लाख शाळांवर आणि प्राथमिक व माध्यमिक स्तरावरील सुमारे २४.७ कोटी विद्यार्थ्यांवर झाला.

या काळात शाळांची पटनोंदणी घटली नाही आणि शालान्त परीक्षांचे निकाल विक्रमी लागले. प्रत्यक्ष क्षमता तपासणाऱ्या सर्वेक्षणांत मात्र लक्षणीय घसरण आढळली. ही घसरण लहान इयत्तांत आणि साधनांचा अभाव असलेल्या कुटुंबांतील मुलांमध्ये अधिक होती. २०२४ पर्यंत ग्रामीण भारतातील सरासरी कामगिरी बहुतांशी महामारीपूर्व पातळीवर आली. काही बाबतींत ती त्याहून पुढेही गेली.

शाळाबंदीचा कालक्रम

मार्च २०२० च्या मध्यापर्यंत बहुतेक राज्यांनी शाळा बंद करण्याचे आदेश काढले. २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने शाळा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय राज्यांवर सोपवला, त्यामुळे पुढील कालक्रम राज्यागणिक भिन्न राहिला. बहुतेक ठिकाणी मोठ्या इयत्तांना प्राधान्य देण्यात आले आणि प्राथमिक वर्ग सर्वांत शेवटी उघडले. पश्चिम बंगालमध्ये पहिली ते सातवीचे वर्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाले.

महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू करण्यात आले. स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार प्रत्येक जिल्ह्यात व शहरात तारखा वेगवेगळ्या होत्या. दुसऱ्या लाटेमुळे २०२१ च्या वसंतात हे वर्ग पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. उरलेल्या वर्गांना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. ओमायक्रॉन प्रकाराच्या प्रसारामुळे जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही काळ बंद होत्या. २४ जानेवारीपासून त्या सुरू होऊ लागल्या.

अशा रीतीने राज्यातील पहिली ते चौथीचे वर्ग सुमारे २० महिने बंद होते. जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल प्रथम प्रत्यक्ष वर्गात बसले तेव्हा ते दुसरीच्या मध्यावर आले होते. अक्षरओळख आणि अंकओळख ज्या वर्षी होते ते संपूर्ण वर्ष या मुलांनी शाळेबाहेर काढले. पुढील सर्वेक्षणांचे आकडे समजून घेताना ही बाब महत्त्वाची ठरते.

पर्यायी शिक्षणव्यवस्था

शाळा बंद असताना केंद्र व राज्य सरकारांनी दूरस्थ शिक्षणाचे अनेक मार्ग अवलंबले. मे २०२० मध्ये केंद्राने 'पीएम ई-विद्या' हा कार्यक्रम जाहीर केला. त्यात दीक्षा हे संकेतस्थळ व उपयोजन, इयत्तानिहाय दूरचित्रवाहिन्या आणि नभोवाणी यांचा समावेश होता. महाराष्ट्रात शिक्षकांनी मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सअ‍ॅप गटांद्वारे स्वाध्याय पाठवले. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मोबाइल नसलेल्या मुलांना जाता-येता ते वाचता येत. अनेक गावांत शिक्षक व स्वयंसेवक यांनी मंदिराचे आवार, समाजमंदिर किंवा झाडाखाली छोट्या गटांना शिकवले.

या प्रयत्नांना साधनांच्या विषमतेची मर्यादा होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर शहरी भागात ४२ टक्के होते. महामारीच्या काळात स्मार्टफोन झपाट्याने वाढले. 'असर' सर्वेक्षणानुसार स्मार्टफोन असलेल्या घरांतील शाळकरी मुलांचे प्रमाण ग्रामीण भारतात २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. परंतु घरात फोन असणे आणि मुलाला तो मिळणे या भिन्न गोष्टी होत्या. २०२१ मध्ये घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी वापरायला मिळत नव्हता. घरातील एकमेव फोन कामावर जाणाऱ्या पालकाबरोबर जाई, किंवा भावंडांमध्ये तो मोठ्या इयत्तेतील मुलाला आधी मिळे.

संज्ञा आणि स्वरूप

अध्ययन ऱ्हासाचे सामान्यतः दोन घटक मानले जातात. शाळा सुरू असती तर त्या काळात जे शिकले गेले असते ते न शिकणे, हा पहिला घटक होय. आधी शिकलेले सरावाअभावी विसरणे, हा दुसरा. उन्हाळी सुटीनंतर दिसणारे विस्मरण याच स्वरूपाचे असते. मात्र शाळाबंदीचा काळ सुटीच्या कित्येक पट होता.

यातून एक तिसरा परिणाम उद्भवतो. अभ्यासक्रम इयत्तेनुसार पुढे सरकतो, मूल मात्र मागील इयत्तेच्या क्षमतेवर असते. दुसरीची वजाबाकी न येणाऱ्या मुलाला पाचवीचा भागाकार समजत नाही आणि शाळेत हजर असूनही ते आणखी मागे पडते. २००५ मध्ये पाकिस्तानच्या उत्तर भागात झालेल्या भूकंपानंतरच्या अभ्यासात याचे उदाहरण आढळले. तेथे शाळा सुमारे १४ आठवडे बंद होत्या. परंतु चार वर्षांनी भूकंपप्रवण भ्रंशरेषेजवळची मुले दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड शालेय वर्ष मागे होती. या अनुभवामुळे, शाळा उघडल्यावर थेट नवा अभ्यासक्रम सुरू न करता आधी मागील क्षमतांची उजळणी घ्यावी, अशी शिफारस अनेक तज्ज्ञांनी केली.

सर्वेक्षणांतील निष्कर्ष

प्रारंभिक अभ्यास

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये छत्तीसगड, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तराखंड या पाच राज्यांतील ४४ जिल्ह्यांत क्षेत्रीय अभ्यास केला. त्यात १,१३७ सरकारी शाळांमधील दुसरी ते सहावीच्या १६,०६७ विद्यार्थ्यांची तपासणी झाली. मागील वर्षी अवगत असलेली भाषेतील किमान एक विशिष्ट क्षमता ९२ टक्के मुलांनी आणि गणितातील किमान एक क्षमता ८२ टक्के मुलांनी गमावली असल्याचे त्यात आढळले. चित्राचे वर्णन करणे, परिचित शब्द वाचणे, आकलनासह उतारा वाचणे, एक व दोन अंकी संख्या ओळखणे, बेरीज-वजाबाकी करणे अशा क्षमता यात तपासल्या होत्या.

ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांच्या समन्वयाने 'स्कूल' सर्वेक्षण झाले. महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधल्या सुमारे १,४०० मुलांची त्यात पाहणी करण्यात आली. ग्रामीण भागातील केवळ ८ टक्के आणि शहरी भागातील २४ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिक्षण घेत होती. ग्रामीण भागातील ३७ टक्के मुलांचा अभ्यास पूर्णतः थांबला होता. सुमारे निम्म्या मुलांना सोप्या मजकुरातील मोजक्या शब्दांपलीकडे वाचता आले नाही.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने तिसरी, पाचवी, आठवी व दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण घेतले. त्यात ७२० जिल्ह्यांतील सुमारे १.१८ लाख शाळा व ३४ लाख विद्यार्थी सहभागी झाले. ५०० गुणांच्या श्रेणीवर तिसरीची राष्ट्रीय सरासरी २०१७ च्या तुलनेत भाषेत ३३६ वरून ३२३ वर आणि गणितात ३२१ वरून ३०६ वर आली. पाचवीत भाषेची सरासरी ३१९ वरून ३०९, तर गणिताची ३१० वरून २८४ इतकी घसरली.

असर

'प्रथम' या संस्थेशी संलग्न असलेले असर केंद्र ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांची क्षमता तोंडी तपासते. २०१८ नंतर देशव्यापी स्वरूपातील अशी पाहणी थेट २०२२ मध्ये झाली. ६१६ जिल्ह्यांतील १९,०६० गावांमध्ये सुमारे ७ लाख मुलांपर्यंत ती पोहोचली. सर्वेक्षणात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचणे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी करणे आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे या क्षमता तपासल्या जातात. ग्रामीण भारतातील ही क्षमता असलेल्या मुलांचे टक्केवारीतील प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

| क्षमता | २०१८ | २०२२ | २०२४ |
|---|---|---|---|
| तिसरी : दुसरीचा उतारा वाचणे | २७.३ | २०.५ | २७.१ |
| पाचवी : दुसरीचा उतारा वाचणे | ५०.५ | ४२.८ | ४८.८ |
| तिसरी : वजाबाकी | २८.२ | २५.९ | ३३.७ |
| पाचवी : भागाकार | २७.९ | २५.६ | ३०.७ |

२०२२ मध्ये तिसरीत असलेली मुले म्हणजे जून २०२० च्या सुमारास पहिलीत दाखल झालेली पिढी होय. तिसरीतील वाचनाची सर्वाधिक घट झालेल्या राज्यांत केरळ (५२.१ वरून ३८.७ टक्के), हिमाचल प्रदेश (४७.७ वरून २८.४ टक्के) व हरियाणा (४६.४ वरून ३१.५ टक्के) यांचा समावेश होता. म्हणजेच महामारीपूर्वी शालेय शिक्षणात आघाडीवर मानली जाणारी राज्येही या घसरणीतून सुटली नाहीत. पाचवीच्या वाचनात ज्या राज्यांची टक्केवारी १० हून अधिक अंकांनी घटली त्यांत महाराष्ट्र होता.

विषय आणि वयोगटानुसार फरक

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात पाचवीच्या गणितातील घट भाषेपेक्षा बरीच मोठी होती. जगातील अनेक देशांच्या अभ्यासांतही गणिताचे नुकसान वाचनापेक्षा अधिक आढळले. घरातील संभाषण, गोष्टी, वर्तमानपत्र किंवा रस्त्यावरील पाट्या यांतून भाषेचा काही सराव होत राहतो. गणितातील रीती मात्र बहुतांशी शाळेतच शिकल्या जातात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ग्रामीण भारतातील असर चाचणीत मात्र २०१८ ते २०२२ या काळात वाचनातील घट अंकगणितापेक्षा मोठी होती.

वयाचा परिणाम अधिक स्पष्ट आहे. असरच्या २०२२ च्या पाहणीत आठवीच्या मुलांची वाचनातील टक्केवारी ७३ वरून ६९.६ वर आली, तर भागाकारात ४४.१ वरून ४४.७ अशी किंचित वाढ दिसली. वाचता येणारे मूल पुस्तक किंवा फोनवरील स्वाध्याय घेऊन स्वतः काही करू शकते. अद्याप वाचायला न शिकलेल्या मुलाला शेजारी बसून शिकवणारे माणूस लागते, आणि दूरस्थ शिक्षणात तेच उपलब्ध नव्हते.

सामाजिक विषमता

शाळाबंदीत शिकवण्याची जबाबदारी घरावर आली. त्यामुळे पालकांचे शिक्षण, घरातील जागा, उपकरणे आणि शिकवणीसाठी लागणारा पैसा यांचे महत्त्व वाढले. ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांमध्ये खासगी शिकवणी घेणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते. २०२२ मध्ये ते ३०.५ टक्के झाले. 'स्कूल' सर्वेक्षणात ग्रामीण भागातील अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांपैकी केवळ ४ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती. अन्य मुलांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते.

मोठ्या प्रमाणावर मुले शाळा सोडतील, विशेषतः मुलींची शाळा सुटेल, अशी भीती व्यक्त होत होती. पटनोंदणीच्या आकड्यांत तसे दिसले नाही. ग्रामीण भागात ६ ते १४ वयोगटाची पटनोंदणी २०१८ मध्ये ९७.२ टक्के होती, ती २०२२ मध्ये ९८.४ टक्के झाली. शाळाबाह्य असलेल्या ११ ते १४ वयोगटातील मुलींचे प्रमाण ४.१ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. याच काळात सरकारी शाळांतील मुलांचा वाटा ६५.६ वरून ७२.९ टक्के झाला. उत्पन्न घटल्याने खासगी शाळांचे शुल्क न परवडणे आणि कमी शुल्काच्या काही खासगी शाळा बंद पडणे ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. २०२४ मध्ये हा वाटा पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आला. नाव पटावर असणे हे शिकत असल्याचे निदर्शक नाही, ही बाब या आकडेवारीतून अधोरेखित झाली.

सार्वजनिक परीक्षांचे निकाल

शालान्त परीक्षांच्या निकालांत अध्ययन ऱ्हासाचे प्रतिबिंब पडले नाही. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्के होता. मार्च २०२० मध्ये भूगोलाचा राहिलेला पेपर रद्द झाला आणि त्या वर्षीचा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा तत्सम परीक्षेला २० गुण, अशा सूत्राने मूल्यमापन होऊन निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२२ मध्ये कमी केलेल्या अभ्यासक्रमावर लेखी परीक्षा होऊन निकाल ९६.९४ टक्के, तर २०२३ मध्ये ९३.८३ टक्के लागला.

या काळात महाराष्ट्राने अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी, तर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सुमारे ३० टक्क्यांपर्यंत कमी केला होता. परीक्षेची पद्धत, अभ्यासक्रम व मूल्यमापनाचे निकष एकाच वेळी बदलल्यामुळे या वर्षांच्या निकालांची आधीच्या वर्षांशी थेट तुलना करता येत नाही.

अन्य देशांतील अनुभव

युनेस्कोच्या माहितीनुसार एप्रिल २०२० मध्ये जगभरातील सुमारे १६० कोटी विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांबाहेर होते. नेदरलँड्समध्ये शाळा केवळ ८ आठवडे बंद होत्या आणि घरोघरी वेगवान इंटरनेट होते. तरीही सुमारे ३.५ लाख विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून तेथे शालेय वर्षाच्या एकपंचमांश इतके नुकसान झाल्याचा अंदाज काढण्यात आला. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचे नुकसान ६० टक्क्यांपर्यंत अधिक होते. स्वीडनमध्ये प्राथमिक शाळा सुरूच ठेवण्यात आल्या होत्या. तेथील पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनात घट आढळली नाही. १५ देशांतील ४२ अभ्यासांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा सांगतो की, मुलांनी एका शालेय वर्षातील सुमारे ३५ टक्के अध्ययन गमावले. या आढाव्यात गरीब देशांतील अभ्यास मात्र फारच थोडे होते. २०२२ च्या पिसा चाचणीत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांची गणितातील सरासरी २०१८ च्या तुलनेत सुमारे १५ गुणांनी, तर वाचनातील १० गुणांनी कमी झाली.

उपाययोजना आणि भरपाई

जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला. त्यात मागील इयत्तेच्या महत्त्वाच्या क्षमतांची उजळणी होती. शाळा त्या वेळी बंद असल्याने तो मुख्यतः कृतिपत्रिकांच्या माध्यमातून पोहोचवावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी केंद्राने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत साध्य करावयाचे आहे.

तमिळनाडू सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'इल्लम तेडी कल्वी' म्हणजे 'दारी आलेले शिक्षण' ही योजना सुरू केली. तीत स्थानिक स्वयंसेवक सायंकाळी वस्तीतील मुलांना छोट्या गटांत शिकवत. अभिजीत सिंग, मॉरिसियो रोमेरो व कार्तिक मुरलीधरन यांनी ग्रामीण तमिळनाडूतील सुमारे १९,००० मुलांचा जो अभ्यास केला, त्यात डिसेंबर २०२१ मध्ये मुले २०१९ मधील समवयस्कांपेक्षा गणितात ०.७३ आणि तमिळमध्ये ०.३४ प्रमाण विचलनाने मागे असल्याचे आढळले. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत या तुटीपैकी दोनतृतीयांश भरून निघाली. भरून निघालेल्या भागापैकी सुमारे २४ टक्के श्रेय संशोधकांनी या योजनेला दिले. नुकसान वंचित मुलांचे अधिक झाले होते. परंतु योजनेचा लाभही त्याच मुलांनी अधिक घेतल्यामुळे भरपाई त्यांच्या बाजूने झुकलेली होती.

२०२४ च्या असर अहवालात देशभरात भरपाई दिसून आली. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांमध्ये दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के व २०२२ मध्ये १६.३ टक्के होते. २०२४ मध्ये ते २३.४ टक्के झाले. हे आकडे वाचताना पिढीतील फरक लक्षात घ्यावा लागतो. २०२४ मधील तिसरीची मुले शाळा पूर्ववत झाल्यानंतर, २०२२ मध्ये पहिलीत आली होती. शाळाबंदीत पहिलीत दाखल झालेली पिढी २०२४ मध्ये पाचवीत होती. तिची वाचनातील टक्केवारी ४८.८ होती, २०१८ मधील पाचवीच्या मुलांपेक्षा ती १.७ अंकांनी कमी आहे. भागाकारात मात्र ही पिढी २०१८ च्या पुढे होती. तथापि या तुलनेचा आधार असलेल्या २०१८ मध्येही पाचवीतील जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नव्हता. त्यामुळे महामारीपूर्व पातळी गाठणे म्हणजे अपेक्षित क्षमता प्राप्त होणे नव्हे.

मोजमापाच्या मर्यादा

असर ही पाहणी ग्रामीण भागापुरती असून ती मोजक्याच मूलभूत क्षमता तपासते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शाळेत हजर असलेल्या विद्यार्थ्यांवर आधारित असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अनेक ठिकाणी शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि उपस्थिती मर्यादित होती. 'स्कूल' सर्वेक्षणात जाणीवपूर्वक वंचित वस्त्या निवडल्या असल्यामुळे त्याचे निष्कर्ष संपूर्ण देशाला लागू करता येत नाहीत. २०१८ ते २०२२ या काळातील बदलात शाळाबंदीबरोबरच कौटुंबिक उत्पन्नातील घट, स्थलांतर, आजारपण व कुटुंबातील मृत्यू यांचाही वाटा असू शकतो. शाळांच्या बंद राहण्याचा परिणाम त्यांपासून पूर्णतः वेगळा काढणे कठीण आहे.

हे सुद्धा पहा

शिक्षण हक्क कायदा, २००९
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०
निपुण भारत अभियान
भारतातील कोविड-१९ टाळेबंदी
महाराष्ट्रातील शिक्षण